निरोगी माणसाचे औषध आणि सरकारी अनुदान

पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, कापड आणि पोलाद यांच्या जोडीला ‘बल्क ड्रग’, म्हणजे गोळीत प्रत्यक्ष गुण देणारे मूळ द्रव्य, तयार करणारे अनेक कारखाने आहेत. काचेचे अस्तर असलेल्या रिअॅक्टरमध्ये प्रक्रिया घडवून आणायची, सेंट्रिफ्यूजमध्ये द्रावक काढून ओला माल वेगळा करायचा, तो ड्रायरमध्ये वाळवायचा आणि गुणवत्ता तपासणी विभागाने (क्यूसी) बॅचमधील अशुद्धी मोजून मंजुरी दिल्यावरच माल बाहेर सोडायचा, हे काम येथील रसायनतज्ज्ञांच्या व कामगारांच्या हातात मुरलेले आहे. मात्र हे कौशल्य बहुतांशी झालेल्या आजारांवरील जुन्या, परिचित औषधांसाठी वापरले जाते. कर्करोग होऊच नये म्हणून घ्यावयाचे नवे द्रव्य विकसित करायचे, तर कौशल्याखेरीज बराच काळ टिकणारा पैसा लागतो आणि तो बहुधा सरकारकडेच मागावा लागतो.

याचे कारण त्या द्रव्याच्या स्वरूपातच आहे. असे औषध निरोगी माणसाला वर्षानुवर्षे द्यायचे असते, त्याचा लाभ दिसायला दशक लागू शकते आणि रुग्ण सहन करतो ते दुष्परिणाम निरोगी माणसाने का सोसावेत, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा असतो. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनला, रोग न झालेल्या परंतु धोका अधिक असलेल्या स्त्रियांसाठी, अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या थोडे आधी फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले, तेव्हा गाजरात सापडणाऱ्या बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळला. ‘नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही’ ही समजूत किती महाग पडू शकते, हे अनुदानाच्या नव्या अर्जदाराने या चाचणीवरून ओळखावे.

महाराष्ट्रात सरकारी साहाय्याचे ठळक फळ पुण्यात आले. सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची पहिली भारतीय लस केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ‘बायरॅक’ यांच्या सहकार्याने घडली. दोन हजारांहून अधिक स्वयंसेवकांवरील चाचण्यांनंतर जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. बायरॅक म्हणजे जैवतंत्रज्ञान उद्योग संशोधन साहाय्य परिषद. ती २०१२ मध्ये स्थापन झाली आणि नव्या कल्पनेपासून उत्पादनापर्यंतच्या निरनिराळ्या टप्प्यांसाठी तिच्या निरनिराळ्या योजना आहेत. त्यांतील ‘बिग’ ही पहिल्या पायरीची योजना असून तीत कल्पना सिद्ध करण्यासाठी १८ महिन्यांकरिता ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि शोधाचे हक्क अर्जदाराकडेच राहतात. पुण्याचे व्हेंचर सेंटर या योजनेतील भागीदार संस्थांपैकी एक आहे.

अशा अनुदानाच्या अर्जाचा कस रसायनापेक्षा माणसापाशी लागतो. समजा, तंबाखू किंवा मशेरीमुळे गालाच्या आतल्या अंगाला पांढरा, पुसून न जाणारा चट्टा उठलेल्या व्यक्तींसाठी एखादे द्रव्य सुचवायचे आहे. या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात आणि काहींमध्ये त्याचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. चट्टा आक्रसणे हे यशाचे माप धरणे सोपे आहे, परंतु पुरेसे नाही, कारण अ जीवनसत्त्वाच्या कुळातील एका औषधाने १९८६ च्या अमेरिकी चाचणीत चट्टे आक्रसले, तरी औषध थांबताच अनेकांत ते परतले आणि दुष्परिणामही जाचक होते. म्हणून औषध कोणाला द्यायचे, किती काळ द्यायचे, ते थांबवल्यावर काय होईल आणि तंबाखू सोडवण्याच्या प्रयत्नांपेक्षा त्याने अधिक काय साधेल, हे अर्जात स्पष्ट असावे लागते. प्रयोगशाळेतील पेशींवरचा चांगला आलेख यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

माणसांवरील चाचणीसाठी पुढे ‘नवी औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९’ लागू होतात आणि नीतिमत्ता समितीची संमती अनिवार्य ठरते. त्याआधी प्राण्यांवरील विषाक्तता-चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कराव्या लागतात. हा खर्च ५० लाखांच्या मर्यादेत बसवणे अवघड असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या अडचणीवर ‘प्रिव्हेंट’ कार्यक्रमात वेगळा मार्ग काढला असून निवडलेल्या अर्जदाराला अनुदान न देता विषाक्तता-चाचणी आणि चाचणीयोग्य शुद्ध उत्पादन ही कामेच संस्था आपल्या कंत्राटदारांकडून करवून देते. तारापूरसाठी हाच नमुना अधिक उपयुक्त ठरेल, कारण येथील लहान कारखान्याकडे शुद्ध बॅच काढण्याची ताकद असते, परंतु प्राणिगृह, रुग्णालय आणि दहा वर्षांचा धीर नसतो. सरकारने त्या तीन गोष्टी पुरवल्या, तर कारखान्याला अर्जात आपल्या खऱ्या बळाविषयी, म्हणजे निर्मितीविषयी, ठामपणे लिहिता येईल.