धूर, डोंगर आणि डेव्हिड बाल्टिमोर

मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, जीवशास्त्राचा नव्हे. तरी आज डेव्हिड बाल्टिमोर या अमेरिकन रेणवीय जीवशास्त्रज्ञाबद्दल बोलायचं ठरवलं. ‘एखादी गोष्ट सिद्ध झाली असं कधी म्हणायचं?’ हा आमचा जुना प्रश्न त्यांच्या कामात फार स्वच्छ दिसतो, म्हणून.

सुरुवात एका शब्दापासून करू. पेशीत डीएनएवरून आरएनए बनतो आणि आरएनएवरून प्रथिन. १९५७ साली फ्रान्सिस क्रिक यांनी एका व्याख्यानात याला ‘सेंट्रल डॉग्मा’ म्हटलं. डॉग्मा म्हणजे ज्यावर शंका घ्यायची नाही असं मत. त्या शब्दाचा नेमका अर्थ आपल्याला तेव्हा ठाऊक नव्हता, असं क्रिक यांनीच पुढे कबूल केलं. प्रथिनात गेलेली माहिती परत मागे येत नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आरएनएवरून डीएनए बनणारच नाही असं काही ते म्हणाले नव्हते. पण शब्द पडला वजनदार! लोकांनी सगळ्या रस्त्यालाच ‘वन-वे’ची पाटी लावून टाकली.

आता काही विषाणूंमध्ये डीएनए नसतोच, नुसता आरएनए असतो. त्यातला एक कोंबड्यांना कर्करोग करतो. हॉवर्ड टेमिन यांनी १९६४च्या सुमारास मांडलं, की हा विषाणू पेशीत शिरल्यावर स्वतःची डीएनए प्रत तयार करत असला पाहिजे. कारण डीएनएवरून आरएनए बनणं थांबवणारं औषध दिलं, की विषाणूची वाढही थांबते. आमच्या न्यायशास्त्रात याला अनुमान म्हणतात. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथं अग्नी असणार. पण पाच-सहा वर्षं बहुतेकांनी ते मानलं नाही. धूर कसला, धुकं असेल, म्हणाले.

बाल्टिमोर यांची वाट वेगळी होती. ते पोलिओच्या विषाणूवर काम करत आलेले. मग अ‍ॅलिस हुआंग (या त्यांच्या पत्नीही) आणि मार्था स्टॅम्फर यांच्यासह त्यांनी दाखवलं, की एका विषाणूच्या कणातच आरएनएची नक्कल करणारं एन्झाइम बसलेलं असतं. त्यावरून त्यांना पुढचा प्रश्न सुचला. उंदरांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या विषाणूच्या कणात काय असेल? रौशर नावाचा हा विषाणू त्यांनी मागवला. त्यात डीएनएचे सुटे घटक टाकले, एक घटक किरणोत्सारी, म्हणजे मोजता येईल असा. डीएनए तयार झाला! आरएनए तोडणारं एन्झाइम आधी घातलं, तर मात्र होईना. म्हणजे मूळ प्रत आरएनएच.

नैयायिक म्हणतील, किरणोत्सार मोजणं हेही अनुमानच. मान्य. पण खालून धूर दाखवणं वेगळं आणि डोंगर चढून चुलीपाशी बसणं वेगळं. शिवाय डोंगर एकट्या बाल्टिमोर यांनी चढला नाही. टेमिन आणि सातोशी मिझुतानी यांना स्वतंत्रपणे तेच सापडलं आणि दोन्ही लेख जून १९७०मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. त्या एन्झाइमचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी जी आरटी-पीसीआर करून घेतली, तिच्या ‘आरटी’त हेच आहे. १९७५चं नोबेल दोघांना मिळालं, आणि टेमिन यांचे गुरू रेनाटो डुलबेको यांनाही. त्या वेळी बाल्टिमोर अवघे ३७ वर्षांचे.

खरं तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं काम. त्यांच्या प्रयोगशाळेत एबलसन नावाच्या विषाणूचा अभ्यास चालला होता. हाही उंदरांना रक्ताचा कर्करोग करतो, तो ‘एबीएल’ जनुकामुळे. पण हे जनुक विषाणूचं मूळचं नाहीच. उंदराच्या निरोगी पेशीतलं जनुक विषाणूनं उचललेलं आहे! चोर शोधायला बाहेर गेले आणि हत्यार सापडलं घरातलंच. १९८०मध्ये ओवेन विटे, असीम दासगुप्ता आणि बाल्टिमोर यांनी दाखवलं, की त्या जनुकाचं प्रथिन टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतं. पेशीला ‘वाढ’ असा हुकूम पोचवण्याची ही एक रीत आहे.

माणसात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियामध्ये नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. तिथं हेच एबीएल दुसऱ्या जनुकाला जोडलं जातं आणि हुकूम थांबतच नाही. या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत २००१मध्ये मंजूर झाली. ती दुसऱ्या अनेकांच्या मेहनतीचं फळ आहे, बाल्टिमोर यांची नव्हे.

शेवटी एका बाईंनी विचारलं, ‘सर, मग ब्लड कॅन्सर संसर्गजन्य आहे का?’ या ल्युकेमियापुरतं सांगतो, नाही. उंदराचा विषाणू माणसाला हा आजार देत नाही, आणि रुग्णाच्या शेजारी बसल्यानं तो कुणाला होत नाही. माणसात ल्युकेमिया करणारा एचटीएलव्ही-१ नावाचा विषाणू आहे, पण तो आजार निराळा. तेव्हा तुमच्या नात्यात कुणी असेल तर खुशाल भेटायला जा. फक्त उपचार चालू असताना त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असू शकते, म्हणून तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका.