तारुण्यपीटिका आणि साबण

'चेहऱ्यावर मुरुम का येतात?' हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात फारसा कोणी विचारत नाही, पण मनात मात्र अनेकांच्या असतो. धीर करून कोणी विचारलाच, तर घरीदारी एकच उत्तर मिळते : 'तोंड नीट धूत नाहीस म्हणून.' हे उत्तर चूक आहे, आणि त्याने अपायही होतो. ते ऐकलेला मुलगा दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा खसाखसा घासू लागतो. त्वचा सोलवटते आणि मुरुम अधिकच लाल होतात.

मळाचा संशय येतो तो नाकावरच्या काळ्या ठिपक्यांमुळे. असा ठिपका म्हणजे तेल आणि मृत पेशी यांचे मेणासारखे बूच असते. त्याचे फक्त वरचे टोक काळे असते, आतला भाग पांढरट-पिवळा. टोकाचा काळेपणा धुळीचा नसून मेलॅनिन या रंगद्रव्याचा आणि हवेशी आलेल्या संपर्काचा असतो. ज्या बुचावर त्वचेचा पातळ पडदा राहतो, ते पांढरेच दिसते. मेलॅनिन साबणाने धुऊन कसे जाणार?

हे बूच तयार कसे होते? केस ज्या सूक्ष्म नळीतून उगवतो त्या रोमकूपाला एक तैलग्रंथी जोडलेली असते. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग येथे या ग्रंथी मोठ्या व दाट असतात, तर तळहात-तळपायांवर मुळीच नसतात. तळहातावर मुरुम आलेला कोणी पाहिला आहे का, असे वर्गात अवश्य विचारावे. वयात येताना मुलामुलींच्या शरीरात अँड्रोजेन या गटातील संप्रेरके वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल स्रवू लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या अस्तरातील मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात व नळीचे तोंड बुजते. आत साचलेल्या तेलावर 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' हे जिवाणू पोसले जातात. ते निरोगी त्वचेवरही राहतात, म्हणून मुरुम एकमेकांना 'लागत' नाहीत. पुढे शरीराची संरक्षणयंत्रणा जागी होते. मग सूज, लाली, पू.

संप्रेरकांचा वाटा किती मोठा आहे, हे जेम्स हॅमिल्टन यांनी 1941 साली दाखवले. वयात येण्यापूर्वीच ज्यांची वृषणे निकामी झाली होती अशा पुरुषांना मुरुम येत नव्हते. टेस्टोस्टेरोन दिल्यावर ते येऊ लागले. चेहरा धुण्याच्या सवयीचा यात काही संबंध नव्हता.

मग चेहरा धुवायचाच नाही का? धुवायचा, पण दिवसातून दोनदा, हलक्या हाताने, आणि खेळून घाम आल्यावर आणखी एकदा. निरोगी त्वचेचा सामू पाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा नऊ-दहा भरतो. सामू-कागद असेल तर हे वर्गातच पाहता येईल. साबणाने धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटत असेल, तर तो साबण चेहऱ्यासाठी तीव्र आहे असे समजावे. लिंबाचा रस दुसऱ्या टोकाचा, त्याचा सामू दोनच्या जवळपास. तो लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांनीही त्वचेचा दाह होतो. आपल्याकडे आणखी एक कारण सहज नजरेतून सुटते : केसांना चोपडलेले तेल. ते कपाळावर उतरून रोमकूप बुजवते. ज्यांना केसांच्या कडेने, कपाळावरच पुळ्या येतात, त्यांनी तेल रात्रभर ठेवण्याऐवजी नहाण्यापूर्वी तासभर लावून धुऊन टाकावे.

खाण्याविषयीचा वाद जुना आहे. 1969 साली अमेरिकेत 65 जणांना काही आठवडे चॉकलेट आणि काही आठवडे तशीच दिसणारी चॉकलेटविरहित वडी देऊन पाहिले. फरक आढळला नाही, म्हणून आहाराचा संबंध नाही असे पुढे कित्येक वर्षे सांगितले गेले. पण त्या दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तेवढेच होते! तुलनेचा नमुना कसा निवडू नये, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. 2007 साली ऑस्ट्रेलियात 43 तरुणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरुम अधिक कमी झाले. प्रयोग लहान आहे. तरी गोड पेये कमी करायला हरकत नाही.

औषधांपैकी बेंझॉइल पेरॉक्साइड हे जुने आणि भरवशाचे. त्यातून सुटणाऱ्या ऑक्सिजनमुळे जिवाणू मरतात. लाल पुळ्यांवर अडीच टक्क्यांचे मलम दहा टक्क्यांइतकेच उपयोगी पडते आणि दाह कमी करते. (उशीच्या अभ्र्याचा रंग मात्र उडतो.) अडॅपलीन हे बूचच तयार होऊ देत नाही. ते डॉक्टरांना विचारून वापरावे. डोळ्यांना मुरुम दिसण्याआधी कित्येक आठवडे आत बूच तयार होत असते, त्यामुळे कोणत्याही औषधाला निदान सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. मुले आठ दिवसांत कंटाळतात आणि मग मैत्रिणीने किंवा दुकानदाराने सुचवलेली दुसरी ट्यूब आणतात.

खरा धोका या दुसऱ्या ट्यूबमध्ये असतो. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी म्हणून खपणाऱ्या अनेक मलमांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टिरॉइड असतात. ती सूज दाबतात, म्हणून चार दिवस चेहरा उजळ व नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, अनावश्यक केस उगवतात आणि स्टिरॉइडमुळेच नवे मुरुम येतात. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. 2018 साली केंद्र सरकारने चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला विद्यार्थ्यांना जरूर शिकवावे. '-सोन' किंवा '-सोल' असा शेवट दिसला तर थांबून चौकशी करावी. असे मलम काही महिने वापरून झाले असेल, तर ते एकाएकी बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. खोल, दुखऱ्या गाठी येत असतील किंवा खड्डे पडू लागले असतील, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, कारण पडलेला खड्डा पूर्ण भरून येत नाही.