समजून घ्या : न पेरता उगवलेला वेल कोहळ्याचा की लवकीचा? भाजी फोडणीला टाकण्याआधी ही एक चाचणी कराच

नागपुरात पावसाची पहिली झड लागली की आठ-दहा दिवसांत खताच्या खड्ड्याजवळ, गच्चीवरच्या कुंडीत किंवा मिरचीच्या वाफ्यात दोन जाड पानांचे कोंब वर येतात. ते कोणीही पेरलेले नसतात. महिनाभरात त्यांचे वेल होऊन कुंपणावर चढतात आणि घरात प्रत्येकाचा अंदाज वेगळा असतो. वेल कशाचा, हे बहुतेक वेळा घरीच ओळखता येते. पण त्याचे फळ खाण्याजोगे आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि जास्त महत्त्वाचाही.

बी आले कुठून?

बहुतेक वेळा स्वयंपाकघरातूनच. कोहळं चिरताना काढलेला मगज, टरबुजाच्या बिया, जून झालेली काकडी हे सगळे ओल्या कचऱ्यात जाते. घरगुती खताचा ढीग सहसा इतका तापत नाही की टणक सालीच्या बिया मरतील. तेच खत कुंडीत पडते, जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि उबदार मातीत बी रुजते. तोंडलीसारख्या लहान फळांच्या बिया पक्षीही आणून टाकतात.

आधी नावांचा गोंधळ

नागपूरकर ज्याला कोहळं म्हणतात, तो पुण्या-मुंबईचा लाल भोपळा. पुण्यात कोहळा म्हटले की पेठ्याचा पांढरा कोहळा. इथली लवकी तिकडे दुधी होते, तर टरबुजाचे कलिंगड. त्यामुळे मोबाइलवर केवळ नावाने शोधले तर भलत्याच वेलाचा फोटो समोर येऊ शकतो.

कसे ओळखाल?

पहिल्या दोन पानांवरून काही ठरवू नका, ती सगळ्यांचीच जवळपास सारखी दिसतात. तिसऱ्या-चौथ्या पानापासून फरक कळू लागतो आणि फूल आले की बरेचसे स्पष्ट होते.

• कोहळं : पाने मोठी, बऱ्याचदा शिरांच्या बेचक्यात पांढुरके ठिपके. मोठे पिवळे-केशरी फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते. बाजारात नेहमी मिळणाऱ्या जातीत देठाला पाच कंगोरे असतात आणि फळाला चिकटतो तिथे तो पसरट होतो.

• लवकी : पान मखमली, चुरगळले की उग्र वास. देठ पानाला मिळतो तिथे दोन बारीक गाठी. फूल पांढरे, संध्याकाळी उमलणारे. फळ दिसण्याआधीची ही सर्वात सोपी खूण.

• पांढरा कोहळा : फूल मोठे, पिवळे. कोवळ्या फळावर दाट लव, जून फळावर पांढरी भुकटी.

• दोडका आणि घोसाळे : दोघांचीही फुले पिवळी. दोडक्याचे संध्याकाळी, घोसाळ्याचे सकाळी उमलते.

• काकडी : आधार धरणारा दोऱ्यासारखा ताणा एकेरी असतो. कोहळं आणि लवकीच्या ताण्याला फाटे फुटतात. फूल लहान, पिवळे.

• टरबूज : पाने खोल कातरलेली, फूल लहान आणि फिकट पिवळे. रानातले विषारी इंद्रावण याच कुळातले असून त्याची पानेही अशीच दिसतात.

सुरुवातीची फुले गळाली म्हणून घाबरू नका, ती बहुधा नर फुले असतात. मादी फुलाखाली इवलेसे फळ आधीच दिसते.

ओळख पटली, तरी शंका का उरते?

कारण पान आणि फूल जात सांगतात, आई-बाप सांगत नाहीत. बाजारातले फळ संकरित बियाण्याचे असेल तर त्याच्या बीपासून आलेला वेल तसेच फळ देईल याची खात्री नसते. शिवाय मधमाश्या एका वेलाचे परागकण दुसऱ्यावर नेतात. लवकी आणि कोहळ्याचा आपसात संकर होत नाही. पण त्याच जातीच्या कडू किंवा शोभेच्या वाणाशी संकर झाला, तर पुढच्या पिढीत कडवटपणा उतरू शकतो. संकराचा हा परिणाम त्या वर्षीच्या फळात दिसत नाही. तो बीमध्ये जातो आणि पुढच्या वर्षी आपोआप उगवलेल्या वेलावर समोर येतो.

हा कडवटपणा ‘कुकुरबिटासिन’ नावाच्या घटकांचा. ते शिजवल्याने नष्ट होत नाहीत.

धोका किती?

जर्मनीत ऑगस्ट २०१५ मध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन ७९ वर्षांच्या व्यक्तीचा मृत्यू झाला. झुकिनी ही कोहळ्याच्याच कुळातली. दिल्लीत २०१० मध्ये कडू लवकीचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञ समिती नेमली. समितीचा सल्ला स्पष्ट होता : कडू रस पिऊ नका आणि लवकीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नका. कारल्याचा रस मिसळला तर लवकीचा कडवटपणा जिभेला कळणारच नाही. या विषबाधेवर ठरावीक उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात.

मग वेल ठेवायचा की उपटायचा?

कोहळं, लवकी, काकडी अशी ओळख पक्की पटली तर ठेवायला हरकत नाही. ओळख पटत नसेल, तर फळ चाखूही नका. पान, फूल आणि कोवळे फळ घेऊन महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातील जाणकारांना दाखवता येईल.

ओळखीच्या वेलाचे फळही चिरल्यावर देठाकडचा नखाएवढा तुकडा आधी जिभेला लावून पाहा. किंचितही कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खे फळ टाकून द्या. मीठ, गूळ किंवा फोडणीने चव झाकू नका. कारले मुळातच कडू असल्याने ही चाचणी त्याला लागू होत नाही. एकाच वेलाच्या प्रत्येक फळाची चव वेगळी पाहा, कारण उन्हाचा आणि पाण्याचा ताण पडला तरी कडवटपणा वाढतो. कडू फळ खाल्ल्यावर उलट्या, जुलाब, पोटात मुरडा किंवा रक्त पडणे असा त्रास झाला तर घरगुती उपाय करत न बसता तातडीने रुग्णालय गाठा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा.

कडू निघालेला वेल उपटून टाका. त्याची फळे मात्र पुन्हा खताच्या खड्ड्यात जाऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तेच बी पुन्हा उगवेल.