कासवपालन : भूचर कासवाच्या पिल्लाचा घरातील अधिवास

जमिनीवर राहणाऱ्या (भूचर) कासवाच्या पिल्लाची बंदिस्त जागेत निरोगी वाढ व्हावी म्हणून उष्णता, प्रकाश, आर्द्रता, जमीन, पाणी व आसरा यांची जी कृत्रिम मांडणी करतात, तिला येथे घरातील अधिवास म्हटले आहे. कासव हा अनियततापी (शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानानुसार बदलणारा) प्राणी आहे. मोकळ्या रानात ते उन्हातून सावलीत आणि कोरड्या जमिनीवरून ओलसर झुडपांखाली जाऊन आपल्या गरजा भागविते. पेटीत मात्र पाळणाऱ्याने ठेवले असतील तेवढेच पर्याय त्याला मिळतात. त्यांत राहिलेली उणीव पिल्लाच्या कवचावर उमटते व ती पुढे पुसली जात नाही. यामुळे पहिली दोन-तीन वर्षे सर्वांत महत्त्वाची ठरतात.

ओळख : पिल्लू भूचर आहे की जलचर, हे अधिवास मांडण्यापूर्वी निश्चित केले पाहिजे. भूचर कासवांचा समावेश टेस्ट्युडिनिडी कुलात होतो. त्यांची पाठ घुमटासारखी फुगीर, पाय खांबासारखे जाड व बोटे पडद्याने न जोडलेली असतात. त्यांना पोहता येत नाही व खोल पाण्यात ती बुडून मरतात. भारतात या कुलातील सर्वांत परिचित जाती म्हणजे तारांकित कासव (जिओचेलोन एलेगन्स) होय. काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले हे कासव वायव्य भारत व लगतचा पाकिस्तान, आग्नेय भारत आणि श्रीलंका या प्रदेशांत आढळते. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू जेमतेम ३ ते ४ सेंमी. लांबीचे असते. आफ्रिकेतील सल्काटा कासव (सेंट्रोचेलिस सल्काटा) हे पिल्लू असताना एवढेच लहान दिसते. परंतु प्रौढ नर ५० किग्रॅ. किंवा त्याहूनही अधिक वजनाचा होतो.

विदर्भाच्या तलावांच्या प्रदेशात लोकांना प्रत्यक्षात सापडते ते बहुधा वेगळेच कासव असते. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा व त्याच्या आसपासच्या गावांत तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या यांतून मुले जे चपट्या, कातडीने मढविलेल्या पाठीचे कासव घरी आणतात, ते लिसेमिस पंक्टॅटा या जातीचे जलचर कासव होय. मागचे पाय आत ओढल्यावर त्यांवर येणाऱ्या पोटाकडील कातडी झडपांवरून ते ओळखता येते. शहरांतील दुकानांत विकले जाणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी कासवही जलचरच आहे. पुढे वर्णन केलेली कोरड्या जमिनीची पेटी या दोहोंपैकी कोणालाही उपयोगाची नाही.

कायद्याची मर्यादा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तारांकित कासव व लिसेमिस कासव यांना संरक्षण आहे. ती पकडणे, विकणे, विकत घेणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) या दोन्ही जाती पहिल्या अनुसूचीत आहेत. तारांकित कासवाला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापार कराराच्या पहिल्या परिशिष्टातही स्थान मिळाले. कासव घरात असले म्हणजे भरभराट होते, या समजामुळे त्याची मागणी मोठी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील एकाच ठिकाणाहून वर्षाला किमान ५५,००० तारांकित कासवे पकडली जात होती. या कासवांतील अनेक पिल्ले प्रवासातच दगावतात. कराराच्या परिशिष्टांत असलेल्या परदेशी जातींची कासवे ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे परिवेश या संकेतस्थळावरून नोंदणी करावयाची असते. म्हणून प्रस्तुत माहितीचा उपयोग अशा नोंदणीकृत परदेशी कासवांसाठी, तसेच प्राणिसंग्रहालये आणि वन विभागाची उपचार केंद्रे यांत आणलेल्या पिल्लांसाठी आहे. रानातले पिल्लू घरी ठेवण्याची मुभा तिच्यातून मिळत नाही.

कवचाची वाढ : कासवाचे कवच आतून हाडांच्या तकटांचे व बाहेरून शृंगी (नखे ज्या पदार्थाची असतात त्या केराटिनाच्या) ढालींचे बनलेले असते. वाढत्या वयात प्रत्येक ढालीच्या कडेला नवा थर जमतो. तो सपाट पसरला तर कवच गुळगुळीत राहते. वर उचलला गेला तर प्रत्येक ढालीचा शंकूसारखा उंचवटा होतो. बंदिवासातील पिल्लांत हा दोष फार दिसतो. तो अतिप्रथिनयुक्त आहारामुळे येतो असे दीर्घकाळ मानले जात असे. व्हिएन्ना येथील संशोधकांनी सल्काटा पिल्लांवर केलेल्या व २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र असे दिसले, की प्रथिनांच्या प्रमाणाचा परिणाम अल्प व हवेतील कोरडेपणाचा परिणाम मोठा असतो. रुक्ष प्रदेशातील प्राण्याला कोरडेच ठेवावे, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली. प्रदेश रुक्ष असला, तरी पिल्लू आपला बराच वेळ गवताच्या बुंध्यात, पालापाचोळ्याखाली किंवा बिळात, म्हणजे ओलसर हवेत घालविते. तारांकित कासवाचा तर सर्वाधिक हालचालीचा काळ पावसाळा हाच होय.

पेटी व जमीन : एका पिल्लासाठी सु. १०० सेंमी. लांब व ६० सेंमी. रुंद पेटी प्रारंभी पुरते. पुढे वाढीच्या मानाने ती मोठी करावी लागते. बाजू अपारदर्शक व निदान ३० सेंमी. उंच असाव्यात. काचेच्या मत्स्यपेटीत पिल्लाला भिंत दिसत नाही व ते काचेवर चढण्याची धडपड करीत राहते. शिवाय अशा पेटीत हवाही कोंडते. लाकडी पेटीला आतून जलरोधक लेप किंवा प्लॅस्टिकचे अस्तर द्यावे. तळाशी खत व कीटकनाशक नसलेली बागेची माती आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांच्या मिश्रणाचा ८ ते १० सेंमी. जाड थर पसरावा. खालचा थर ओला आणि वरचा जवळजवळ कोरडा ठेवावा. नुसत्या ओल्या पृष्ठभागामुळे पोटाकडील कवचाला बुरशी लागते. कोरडी वाळू पोटात जाऊन आतड्यात साचते, तर वर्तमानपत्र व फरशी यांवर पाय घसरून सांधे वाकडे होतात. एका टोकाला उलट्या फुटक्या मडक्याची किंवा सालीच्या तुकड्याची अंधारी खोप करून तीत ओले शेवाळ वा ओला भुसा भरावा. पेटीत काही चपटे दगड आणि थोडी झाडी असावी. मात्र चढून पाठीवर उलटे पडता येईल अशी वस्तू दिव्याखाली ठेवू नये.

उष्णता : संपूर्ण पेटी सारखी तापविणे ही नेहमी होणारी चूक आहे. एका टोकाला दिव्याखालील शेकण्याच्या जागी ३२ ते ३५° से. आणि दुसऱ्या टोकाला २६ ते २८° से. असा उतार ठेवला म्हणजे पिल्लू आपल्या गरजेप्रमाणे जागा निवडते. रात्री उष्ण कटिबंधातील जातींसाठी तापमान २२° से.च्या खाली जाऊ देऊ नये. दिवसा साधा तापदीप व रात्री गरज पडल्यास प्रकाश न देणारा चिनी मातीचा तापक वापरतात. दोन्ही थर्मोस्टॅटला जोडलेले, पक्के टांगलेले व पिल्लाच्या आवाक्याबाहेर असावेत. तापणाऱ्या दगडाने पोटाकडील बाजू भाजते. तापमान प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर, दोन्ही टोकांस मोजावे.

प्रकाश : सूर्यप्रकाशातील जंबुपार-ब किरणांच्या (तरंगलांबी सु. २९० ते ३१५ नॅनोमीटर) साहाय्याने त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होते व त्याच्यावाचून कॅल्शियमाचे शोषण नीट होत नाही. हे किरण खिडकीच्या साध्या काचेतून येत नाहीत. साध्या विद्युत् दिव्यांतूनही मिळत नाहीत. यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरिता तयार केलेला नळीदिवा पेटीच्या उष्ण बाजूवर, निर्मात्याने सांगितलेल्या अंतरावर, रोज १० ते १२ तास लावावा. दिवा दिसायला प्रकाशमान राहिला, तरी त्यातील जंबुपार किरण हळूहळू कमी होतात. म्हणून तो सहा महिने ते वर्षभरात बदलतात. रात्री पूर्ण अंधार हवा. उपलब्ध असेल तेथे सकाळचे कोवळे ऊन हा सर्वांत चांगला उपाय होय. जाळीने झाकलेल्या व अर्धी सावली असलेल्या परातीत किंवा टोपलीत पिल्लाला २०-३० मिनिटे ठेवावे. कावळा, मांजर, मुंगूस आणि मुंग्या यांपासून राखण करावी.

आर्द्रता व पाणी : पिल्लांसाठी सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के ठेवतात. मातीचा खालचा थर ओला ठेवणे, वरचा भाग अंशतः झाकणे व ओली खोप देणे, हे नुसत्या फवाऱ्यापेक्षा अधिक टिकाऊ उपाय आहेत. थंड व ओली हवा फुप्फुसदाहाला कारण होते. म्हणून ओलाव्याबरोबर ऊबही राखली पाहिजे. पाण्यासाठी मातीची उथळ बशी जमिनीत बसवावी आणि पाणी रोज बदलावे. याखेरीज पहिल्या वर्षी रोज किंवा एका दिवसाआड १५-२० मिनिटे पिल्लाला कोमट पाण्यात बसवितात. पाणी त्याच्या हनुवटीखाली राहील इतपतच असावे. या वेळी ते पाणी पिते व मलमूत्र विसर्जन करते, त्यामुळे मूत्राशयात खडे होण्याचा धोका कमी होतो.

ऋतुमानाप्रमाणे फेरफार : परदेशी पुस्तकांतील सूचना बहुधा थंड देशांसाठी असतात. पूर्व विदर्भात त्या जशाच्या तशा पाळल्या तर अपाय होतो. सिहोऱ्यासारख्या ठिकाणी मे महिन्यात खोलीतील हवाच शेकण्याच्या जागेहून गरम होते. अशा दिवसांत तापदीप बंद ठेवून पेटी जमिनीवर, जाड भिंतीच्या खोलीत, टिनाच्या छपरापासून दूर ठेवावी लागते. ४०° से.च्या पुढे हवा गेली तर लहान पिल्लू थोड्याच वेळात दगावू शकते. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीची हवा थंड व ओलसर करतो, म्हणून तो उपयुक्त आहे. मात्र त्याचा झोत पेटीवर येता कामा नये. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते. तेव्हा माती कमी भिजवावी, पेटी हवेशीर ठेवावी आणि ढगाळ दिवसांत ऊन मिळत नसल्याने जंबुपार दिव्यावर अधिक विसंबावे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापकाची खरी गरज पडते. वीज गेली, तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीच्या एका बाजूस ठेवाव्यात व वरून घोंगडी अर्धवट पांघरावी.

आहार : तारांकित व सल्काटा ही कासवे प्रामुख्याने गवत व पाला खाणारी आहेत. हराळी व इतर कोवळी गवते, शेवगा, तुती आणि जास्वंद यांची पाने, जास्वंदीची फुले व काटे काढलेले फड्या निवडुंग हे आपल्याकडे सहज मिळणारे खाद्य होय. पालक, घोळ, राजगिरा यांतील ऑक्झॅलेटे कॅल्शियमाला बांधून ठेवतात, म्हणून ती नित्य देऊ नयेत. भात, पोळी, दूध, अंडी व मांस अजिबात देऊ नये; फळे या दोन जातींना क्वचितच द्यावीत. आहारात कॅल्शियमाचे प्रमाण फॉस्फरसाच्या निदान दुप्पट असावे. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीनदा कॅल्शियम कार्बोनेटाची चिमूटभर पूड पाल्यावर भुरभुरतात, किंवा समुद्रफेनाचा तुकडा पेटीत ठेवतात.

रोग व स्वच्छता : कवच बोटाने दाबले असता मऊ लागणे, जबडा वा पाय वाकडे होणे ही मुडदुसासारख्या अस्थिविकाराची लक्षणे आहेत. नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास व डोळे सुजणे ही श्वसनविकाराची किंवा पोषणदोषाची चिन्हे असून अशा वेळी पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. अगदी लहान पिल्लाचे कवच काहीसे लवचीक असतेच. त्याला रोग समजू नये. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करून नोंद ठेवल्यास बिघाड लक्षणे दिसण्यापूर्वी कळतो. नवे पिल्लू निदान तीन महिने वेगळे ठेवावे व निरनिराळ्या जाती एकत्र कधीही ठेवू नयेत. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. याच कारणासाठी अमेरिकेत १९७५ मध्ये सु. १० सेंमी.पेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. म्हणून कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याची भांडी मोरीवर वेगळी धुवावीत आणि पाच वर्षांखालील मुलांना ते हाताळू देऊ नये.

भूचर कासव पन्नास वर्षे वा त्याहूनही अधिक जगू शकते, तेव्हा पिल्लाचा अधिवास मांडणाऱ्याने पुढील पिढीचाही विचार केला पाहिजे. ते नकोसे झाले म्हणून जवळच्या तलावात सोडणे म्हणजे ते बुडविणे होय, आणि परक्या रानात सोडणे म्हणजे तेथील प्राण्यांत रोग नेणे होय. असे कासव, तसेच बेकायदा विकत घेतलेले वा सापडलेले देशी कासव, वन विभागाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग आहे.