मेणबत्तीने खोली तापते का?

पौष-माघात ग्वाल्हेरकडे पारा कधी कधी पाच अंशांखाली उतरतो. अशा रात्री वीज गेली की घरोघरी मेणबत्त्या लागतात. काहीजण चार-पाच मेणबत्त्यांवर मातीची कुंडी पालथी घालतात आणि म्हणतात, "आता खोली तापेल." कुंडी तापते खरी, पण मेण जळून जेवढी उष्णता निघते तेवढीच मिळणार. कुंडीने ती वाढत नाही.

हिशेब पाहा. एका मेणबत्तीची उष्णता फार तर ८० वॅट. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट ऊब बाहेर पडते. विजेची लहान शेगडी १००० वॅटची. तिच्या जागी बारा-तेरा मेणबत्त्या लागतील, आणि भोवती गोधड्या, मच्छरदाणी!

त्याहून घातक म्हणजे दारे-खिडक्या लावून पेटवलेली कोळशाची शेगडी. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते. झोपलेल्याला तेवढेही कळत नाही. असे कोणी आढळल्यास आधी उघड्या हवेत आणावे व लगेच दवाखान्यात न्यावे.

मग करावे काय? सर्वांनी एकाच लहान खोलीत निजावे. चटईखाली कोरडा पेंढा किंवा पोती घालावी. एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ घ्यावीत, कान झाकावेत. गरम पाण्याची बाटली घट्ट बूच लावून, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवावी. म्हाताऱ्या माणसांना मधली जागा द्यावी.

मेणबत्ती उजेडापुरतीच ठेवावी आणि निजण्यापूर्वी विझवावी. घरातले माणूस तिच्याहून अधिक ऊब देते.