वाफ्यांच्या चौरसातलं बीजगणित

बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या अनेक मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत वाटत राहतं की आपण दोन वेगळेच विषय शिकतोय. एका तासाला संख्याशास्त्र: पिकाचं उत्पादन, सरासरी, प्रमाण विचलन. पुढच्या तासाला अमूर्त बीजगणित: ग्रुप, रिंग, फील्ड. पहिला उपयोगाचा आणि दुसरा परीक्षेपुरता, अशी वाटणीही मनात होऊन जाते. ही वाटणी किती कच्ची आहे, हे एका शेतात स्पष्ट दिसतं.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. गव्हाच्या पाच वाणांपैकी सरस कोणतं, हा तिथला नेहमीचा प्रश्न. पण जमीन सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला कस कमी, तर उताराखाली ओल जास्त. चांगल्या मातीत पडलेलं वाण उगाचच सरस ठरायचं. म्हणून शेताचे पाच ओळी आणि पाच स्तंभ असे २५ वाफे करायचे आणि प्रत्येक वाण प्रत्येक ओळीत एकदा, प्रत्येक स्तंभातही एकदाच पेरायचं. मग कस ओळींच्या किंवा स्तंभांच्या दिशेने बदलत गेला, तरी त्याचा फायदा-तोटा सगळ्या वाणांत सारखा वाटला जातो. ही रचना म्हणजे लॅटिन चौरस.

आता त्याच वाफ्यांत पाच खतंही तपासायची आहेत. खतांचाही लॅटिन चौरस हवा. शिवाय प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ नेमकी एकदाच पडायला हवी. असे दोन चौरस एकमेकांशी जुळतात, असं म्हणू. चाचपडत बसलो तर दिवस जाईल. बीजगणित मात्र हे दोन ओळींत सोडवतं.

वाणं, खतं, ओळी, स्तंभ, सगळ्यांना ० ते ४ असे क्रमांक द्या. बेरीज पाच किंवा जास्त झाली, तर पाचाने भागून उरेल ती बाकी घ्या. ओळ आणि स्तंभ यांची बेरीज हा वाणाचा क्रमांक. ओळीची दुप्पट अधिक स्तंभ हा खताचा. झालं! पडताळा पाहा: वाण ३ आणि खत १ कुठल्या वाफ्यात भेटतील? खतातून वाण वजा केलं की ओळ मिळते: १ वजा ३ म्हणजे उणे २, पाचाच्या हिशेबात ३. मग स्तंभ ०. म्हणजे ओळ क्रमांक ३, स्तंभ क्रमांक ०. दुसरा वाफा असूच शकत नाही. २५ जोड्यांपैकी कुठलीही घ्या, तिचा पत्ता एकच.

चारावर मात्र हीच युक्ती फसते, कारण तिथे दोन दुणे शून्य होतं आणि दुसऱ्या चौरसाच्या ओळी पुन्हा पुन्हा त्याच येतात. इथे एव्हारिस्त गॅल्वा मदतीला येतो. विसाव्या वर्षी द्वंद्वात प्राण गमावलेल्या या फ्रेंच तरुणाने १८३० साली मर्यादित संख्यांची अशी विश्वं मांडली, जिथे शून्य सोडून कशानेही बिनधास्त भागता येतं. चार घटकांचं असं फील्ड आहे, आठांचं आहे, नवांचं आहे. सहांचं नाही, दहांचंही नाही. घटकांची संख्या मूळ संख्येचा घात असेल, तरच फील्ड बनतं. भारतीय संख्याशास्त्रज्ञ राजचंद्र बोस यांनी १९३८ साली ही फील्ड वापरूनच परस्परांशी जुळणारे चौरस रचले.

मग सहा आणि दहाचं काय? लिओनार्ड ऑयलरने १७८२ साली असा तर्क मांडला होता की ६, १०, १४, १८ अशा आकारांत चौरसांची जोडी जुळूच शकत नाही. सहाच्या बाबतीत तो खरा ठरला. गास्तों तारीने १९०० च्या सुमारास सगळ्या शक्यता हाताने तपासून ते सिद्ध केलं. पुढच्या आकारांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. १९५९ साली बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी सहाच्या पुढच्या अशा प्रत्येक आकारात जोडी जुळते, हे सिद्ध केलं. पावणेदोनशे वर्षांचा तर्क कोसळला आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. यातल्या श्रीखंडे यांनी नागपुरात शिकवलं आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले. शतायुषी श्रीखंडे २०२० साली वारले.

दहाच्या बाबतीत फील्डचा आधारच नव्हता. लहान फील्डमधून मिळालेल्या रचना कौशल्याने जोडून त्यांनी मोठा चौरस उभा केला, आणि त्यासाठी लागलेली अवजारं प्रयोगांचे आराखडे आखणाऱ्या संख्याशास्त्रातूनच आली होती. शेतातला प्रश्न बीजगणिताकडे गेला आणि बीजगणिताचा अडलेला प्रश्न संख्याशास्त्रज्ञांनी सोडवला, याहून सुंदर देवघेव मला माहीत नाही.

दहाच्या आकाराचे, एकमेकांशी जुळणारे तीन चौरस असतात का, हे अजून कोणालाही ठाऊक नाही. प्रश्न इतका सोपा की शाळकरी मुलालाही समजावा. म्हणून विषय निवडायची वेळ आली, तर संख्याशास्त्र घेणाऱ्यांनो, फील्डचं प्रकरण गाळू नका. आणि बीजगणितात रमणाऱ्यांनो, प्रयोगांच्या आराखड्यांचा पेपर मन लावून वाचा.