दुखणे जबड्यात, मूळ गळ्यात

जबड्यावर सूज दिसली की दात किडला असावा, मुळाशी पू झाला असावा, असेच कुणालाही वाटते. बहुतेक वेळा ते खरेही असते. क्वचित मात्र या सुजेचे मूळ दातात नसून गळ्यातील इवल्याशा पॅराथायरॉइड ग्रंथींत असते.

थायरॉइडच्या मागे सहसा अशा चार ग्रंथी असतात. रक्तातील कॅल्शियमचा समतोल राखणे हे त्यांचे काम. एखाद्या ग्रंथीत गाठ झाली, तर तिचे संप्रेरक गरजेपेक्षा अधिक स्रवते आणि हाडांतील कॅल्शियम रक्तात ओढले जाते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते. पोखरलेल्या हाडात रक्तस्राव होतो, तेथे तंतुमय ऊती वाढते आणि रक्तातील लोहामुळे तिला तपकिरी रंग येतो. म्हणूनच तिला ‘ब्राऊन ट्यूमर’ म्हणतात. नाव भयंकर असले तरी हा कर्करोग नव्हे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही ही स्थिती उद्भवू शकते.

खरी अडचण निदानाची. जबड्यातील तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासला असता त्यात अनेक केंद्रके असलेल्या महाकाय पेशी आढळतात. पण जबड्यातच उद्भवणाऱ्या दुसऱ्या एका गाठीतही अशाच पेशी असतात. केवळ तुकडा पाहून दोहोंतील भेद सांगता येत नाही. तो सांगते रक्ततपासणी : कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास वाढलेले कॅल्शियम झाकले जाऊ शकते. म्हणून दोन्ही तपासण्या हव्यात.

मूळ ओळखण्याचे महत्त्व इतिहासानेही दाखवले आहे. १९२५ साली व्हिएन्नातील शल्यचिकित्सक फेलिक्स मांडल यांच्याकडे हाडे ठिसूळ झालेला एक ट्रामवाहक आला. ग्रंथी कमी पडते, असे समजून त्यांनी आधी तिच्या ऊतीचे रोपण केले. गुण आला नाही. मग गळ्यातील ग्रंथीची गाठ काढली आणि हाडे सुधारू लागली.

आजही दोषी ग्रंथी काढल्यावर जबड्यातील ब्राऊन ट्यूमर बहुधा आपोआप विरतो. एका आनुवंशिक विकारातील जबड्याच्या गाठी मात्र वेगळ्या असतात. त्या अशा विरत नाहीत.

तेव्हा तपासणी अहवालात ‘महाकाय पेशी’ असा उल्लेख असेल, सोबत वारंवार मुतखडा, हाडदुखी किंवा सततचा थकवा असेल, तर जबड्यावरील शस्त्रक्रियेपूर्वी या रक्ततपासण्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.